मदत हवी: कारखान्याला १५ दिवसांत नाहरकत द्यायची आहे, ठरावाचा नमुना आहे का कोणाकडे?

पळसफाटा:
तातडीने सांगा. आमच्या गावात कपडे शिवायचा कारखाना येतोय. ३०० जणांना काम म्हणतात, त्यात बहुतेक बाया. कंपनीची माणसं काल येऊन स्पष्ट बोलून गेली. १५ दिवसांत ठराव आणि नाहरकत हातात पडली तर इथे, नाहीतर शेजारच्या तालुक्यातल्या एका गावाने आधीच हो म्हटलंय. सचिव म्हणतात ग्रामसभा घ्यावी लागेल. ग्रामसभा म्हटली की महिना गेला. मासिक सभेत ठराव घेऊन नाहरकत दिली तर चालते का? नमुना असेल तर टाका, बाकी काही नको.

सातबारा:
जिल्हा कोणता? जमीन खासगी की सरकारी? खासगी असेल तर भोगवटादार वर्ग १ (मालकाला मोकळेपणी विकता येणारी) की वर्ग २ (विकायला सरकारची परवानगी लागणारी)? प्रादेशिक योजनेत झोन कोणता, म्हणजे शेतीचा की उद्योगाचा? कारखान्यात नुसती शिलाई की धुलाई-रंगाईसुद्धा? यातलं एकही लिहिलेलं नाही. नमुना टाकायचा तर कशाचा टाकायचा?

कापूसवाट:
भाऊ, देऊन टाका. आमच्या गावाले दोन वर्षं एक जिनिंगवाला चकरा मारत होता. पंचायतीनं आज या, उद्या या केलं, तो गेला दुसरीकडं. आता आमचे पोट्टे बुटीबोरीले जाऊन रायले. पहाटे पाचले निघतात, रातच्याले नवाले घरी. चौकशा करत बसाल त हातचं जाईन.

सातबारा:
कापूसवाट, मी विचारलेल्या गोष्टी तलाठ्याकडे एका दिवसात कळतात. दोन वर्षं चकरा मारायला लावणं वेगळं आणि एक दिवस कागद पाहणं वेगळं.

पळसफाटा:
जिल्हा वर्धा. जमीन खासगी, ११ एकर, वर्ग १, मालकाशी सौदा झाला आहे. सध्या शिलाईच, धुलाई दुसऱ्या टप्प्यात म्हणतात. झोन कंपनी पाहील ना? आणि भाऊ नाही, ताई. मी सरपंच आहे, पहिलीच वेळ.

जुना सचिव:
ताई, मी ३१ वर्षं ग्रामसेवक म्हणून काम केलं, त्यातली बरीच यवतमाळ आणि वर्ध्यात. आधी एक गैरसमज दूर करतो. गावठाणाबाहेर कारखान्याची इमारत बांधायची परवानगी तुमच्या हातात नाहीच. प्रादेशिक योजनेच्या हद्दीत ती १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून येते. बिनशेतीचं म्हणाल तर जमीन महसूल संहितेचं कलम ४४अ आहे. खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी, झोन बसत असेल तर, बिनशेतीची वेगळी परवानगी लागत नाही. वापर सुरू केल्यापासून ३० दिवसांत तहसीलदारांना कळवायचं असतं. म्हणजे कंपनीचा जो वेळ वाचायचा तो सरकारने आधीच वाचवून ठेवला आहे. मग तुमच्या एका कागदासाठी १५ दिवसांची घाई का, हे त्यांनाच विचारा.

ग्रामसभेला महिना लागत नाही. नोटीस सात दिवस आधी काढा, दवंडी द्या, आदल्या दिवशी महिलांची सभा घ्या. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. मनावर घेतलं तर दहा दिवसांत होतं. मासिक सभेत सात-आठ सदस्यांनी उरकलेला ठराव पहिल्याच तक्रारीत अडकतो आणि मग खरंच वर्ष जातं.

उद्योगवाडी:
एवढं सगळं कशाला? 'मैत्री'वर, म्हणजे सरकारच्या उद्योग परवानग्यांच्या पोर्टलवर, अर्ज टाकायला सांगा. २०२३ चा कायदाच आहे त्यासाठी, एक खिडकी, सगळी खाती तिथे जोडलेली. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली उद्योग मित्र समिती असते, तिथे विषय ठेवा. महाव्यवस्थापक, जिल्हा उद्योग केंद्र यांना पत्र लिहा. मी माझ्या तेल घाणीचं सगळं तिथूनच केलं.

जुना सचिव:
तेल घाणी आणि ३०० माणसांचा कारखाना एक नाही. एक खिडकीतून अर्ज लवकर फिरतो, जमिनीची नोंद बदलत नाही.

उद्योगवाडी:
मी नोंद बदला म्हटलंच नाही. तुमच्यासारखे जुने लोक कागद धरून बसतात म्हणून विदर्भात उद्योग येत नाही.

संत्राबाग:
मूळ प्रश्न सोडून बोलतो, माफ करा. बाहेरच्या कंपनीच्या मागे लागण्यापेक्षा गावातल्याच महिला बचत गटाने डाळ मिल टाकावी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, ग्रामीण भागात महिलांना ३५ टक्के अनुदान. वर्ध्याची तूर वर्ध्यात भरडली जाईल. आमच्या काटोलकडे संत्र्याचं तेच झालं आहे, माल जातो बाहेर, रस निघतो बाहेर. मी कागदपत्रं पाठवू शकतो.

पळसफाटा:
डाळ मिलमध्ये १० बायांना काम मिळेल. मला ३०० हवंय.

तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगते. आमच्या फाट्यावर पहाटे साडेपाचला १९ मुली उभ्या असतात. हिंगणघाटला जायची गाडी. हिवाळ्यात अंधारच असतो, मोबाइलच्या उजेडात एकमेकींच्या पायाखालचा रस्ता दाखवतात. एकीने डब्यात रोज भाकरीसोबत मिरचीचा ठेचा नेला, आईला ताप होता म्हणून महिनाभर भाजी झाली नाही. ही माझ्या चुलतभावाची मुलगी. तिचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडचे म्हणाले, एवढ्या लांब कामाला जाते ते बंद करा. तिने काम सोडलं. कारखाना फाट्यापासून एक किलोमीटरवर झाला असता तर सोडलं नसतं. म्हणून मला घाई आहे. सभा घेते, ठीक आहे, दहा दिवस. पण ठरावात काय लिहू ते सांगा. ११ एकर, नाहरकत, रस्त्यासाठी बाजूची पट्टी, पाणी, एवढं एकाच ठरावात बसवायचं आहे.

सातबारा:
थांबा ताई. बाजूची पट्टी कोणती? आधी फक्त खासगी ११ एकर लिहिलं होतं.

पळसफाटा:
अहो, डांबरी रस्त्यापासून त्या शेतापर्यंत सरकारी जागा आहे. दीडशे मीटर असेल. कंटेनर जायला तीच सरळ वाट. बोरी, पळस, तरोट्याचं रान आहे, गुरं चरतात, दुसरा काही उपयोग नाही. पंचायतीच्या ताब्यातलीच आहे म्हणून ठरावात घेतली.

सातबारा:
ई-क्लास (सरकारी गायरान) आहे की झुडपी जंगल? हे आजच्या आज तलाठ्याकडून काढा. ठरावाचा मसुदा त्यानंतर.

कापूसवाट:
बोरीचं रान हाय म्हंते ना ताई. पाह्यजा, त्यात काय जंगल? आमच्या इकडं तसल्या जागेवर शाळा हाय, पाण्याची टाकी हाय.

जुना सचिव:
कापूसवाट, इथेच सगळं आहे. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, झुडपी जंगल ही जुनी महसुली नोंद आहे. मध्य प्रांतातून आलेली. निस्तारासाठी, म्हणजे गावाच्या सामाईक वापरासाठी, गुरांसाठी ठेवलेली जागा. झाड नसलं तरी नोंद तीच. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की झुडपी जंगल हे वन समजायचं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिलेल्या जागांचा, तुम्ही म्हणता त्या शाळा-टाक्यांचा, मार्ग त्यात वेगळा आहे. आज नव्याने कारखान्याला रस्ता द्यायचा तर वन संरक्षण कायद्याखाली केंद्राची आधी मंजुरी. ग्रामपंचायत, तहसीलदार, जिल्हाधिकारी, कोणाच्याही सहीने ती जागा देता येत नाही.

आणि ई-क्लास निघाली तरी सोपं नाही. गायरानाबाबत २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि त्याच वर्षीचा १२ जुलैचा शासन निर्णय आहे.

उद्योगवाडी:
रस्त्यासाठी जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. तहसीलदार बांधावरून रस्ता देतात. माझ्या मामाला मिळाला.

सातबारा:
ते शेतकऱ्याला शेतात जायला वाट नसते तेव्हा, दुसऱ्याच्या बांधावरून. बैलगाडीचा, ट्रॅक्टरचा रस्ता. कंटेनरच्या रस्त्याला १४३ लावू नका, त्या शेतकऱ्याशी आयुष्यभराचं भांडण होईल.

नदीकाठ:
मी गडचिरोलीकडचा. आमच्याकडे पेसा आहे, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा कायदा, आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा लेखा गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणून दाखवलं. तुमच्याकडे पेसा नसला तरी ग्रामसभा मनापासून घ्या. गुरं चारणारे कोण आहेत तिथे? त्यांना सभेला बोलावलं का? तुम्ही 'दुसरा काही उपयोग नाही' लिहिलंत, ते मला खटकलं.

पळसफाटा:
गोवारी समाजाची सात घरं आहेत. बोलावते. बरोबर आहे तुमचं.

जुना सचिव:
आता ठरावाबद्दल, कारण ताईंना तेच हवं आहे.

'कारखाना' असा मोघम शब्द लिहू नका. 'तयार कपडे शिवण्याचा उद्योग' लिहा, गट नंबर लिहा. धुलाई-रंगाई आली की प्रदूषण मंडळाची श्रेणी बदलते, कापडाची रंगाई-ब्लीचिंग लाल श्रेणीत येते, सांडपाणी येतं, आणि गावाच्या विहिरी त्या शेताच्या खालच्या अंगाला असतील तर तुम्हालाच भोगायचं आहे. दुसरा टप्पा आला तर पुन्हा ग्रामसभेत या, एवढं एक वाक्य घाला.

कर वेगळा ठेवा. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२५ खाली कारखान्याकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचा करार करता येतो, त्याला शासनाची मान्यता लागते. बहुतेक कंपन्या नाहरकतीच्या गडबडीतच तो आकडा मान्य करून घेतात आणि मग दहा-दहा वर्षं पंचायत तेवढ्यावरच बसते. माझ्या एका गावात हे झालं. मीच कागद लिहिला होता, अजून सलतं.

सातबारा:
आणि कामाचं. सरकारी प्रोत्साहन घेणाऱ्या उद्योगाला ८० टक्के स्थानिक घ्यावे लागतात, हे कंपनी सभेत मोठ्याने सांगेल. तिथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. तुमच्या फाट्यावरच्या १९ मुली असा त्याचा अर्थ नाही. गावातल्या आणि शेजारच्या चार गावांतल्या किती बाया, पहिल्या वर्षी किती, शिकवणी कोण देणार, येण्याजाण्याची गाडी कोणाची, हे कंपनीच्या लेटरहेडवर घ्या आणि ठरावाला जोडा.

कापूसवाट:
एवढं मागसान त कंपनी पळून जाईन ताई.

नदीकाठ:
एका कागदावर किती बाया घेणार एवढं लिहायला जी पळते, ती तीन वर्षांनी अनुदान संपल्यावरही पळेलच.

एमआयडीसी प्रवासी:
तालुक्याच्या एमआयडीसीत भूखंड रिकामे असतील तर तिथे का जात नाहीत हेही विचारा. रस्ता, वीज, पाणी तयार. अमरावतीजवळ नांदगाव पेठला हजार एकरांवर पीएम मित्र हे कापड उद्योगाचं पार्क होतंय, कापडवाले तिकडे वळतायत.

पळसफाटा:
विचारलं. भूखंडाचा दर परवडत नाही म्हणाले. आणि तिकडे गेले तर माझ्या मुलींना पुन्हा साडेपाचची गाडीच.

पळसफाटा (चार दिवसांनी):
तलाठ्याकडून उतारा काढला. पट्टी झुडपी जंगलच आहे. नोंदीत सरळ लिहिलेलं आहे, मी कधी वाचलं नव्हतं. तुम्ही विचारलं नसतं तर ठरावात लिहून सही करून बसले असते.

कंपनीला मी स्वतः फोन केला. पट्टी देता येणार नाही, पण पश्चिमेकडून दोन शेतकरी रस्त्यापुरती जागा विकायला तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे, असं सांगितलं. तो रस्ता ४०० मीटर लांब पडतो. ते म्हणाले वरिष्ठांना विचारतो. बायांच्या संख्येचं पत्र देतो म्हणाले, गाडीबद्दल काही बोलले नाहीत, तो विषय मी सोडणार नाही. ग्रामसभेची नोटीस काल फलकावर लावली, गोवाऱ्यांच्या सातही घरी स्वतः जाऊन सांगून आले. एक आजी म्हणाल्या, गुरांची वाट तेवढी ठेव, बाकी कारखाना येऊ दे, माझी नात बारावी झाली आहे.

आता एकच अडलं आहे. पश्चिमेच्या दोन्ही शेतांची हद्द जुनी आहे, धुऱ्यावरून आधीच कुरबुर. मोजणी केल्याशिवाय व्यवहार होणार नाही. तातडीच्या मोजणीचा अर्ज वर्ध्यात कोणी केला आहे का अलीकडे? भूमी अभिलेखवाले प्रत्यक्ष शेतात किती दिवसांनी आले?

कापूसवाट:
ताई, मी केला होता मागच्या दिवाळीले. लागतीचे शेतकरी हजर नसले त मोजणीवाला परत जाते. दोघायले आधीच सांगून ठेवा, नोटिशीवर सही घ्या. आपला नंबर पाठवा, मी येतो त्या दिवशी.