पहिल्या वर्षाचा हिशोब
परदेशातील मिशनरी सेवेचे पहिले वर्ष एकाही बाप्तिस्म्याविना संपले, तर ते वाया गेले असे समजावे का, असा प्रश्न आपण विचारला आहे. मला तसे मुळीच वाटत नाही. अमेरिकन मिशनरी अडोनिराम जडसन १८१३ साली बर्मातील (आजच्या म्यानमारमधील) रंगूनला पोहोचले आणि पहिल्या बर्मी व्यक्तीचा बाप्तिस्मा १८१९ साली झाला. मधल्या सहा वर्षांतला बराच काळ बर्मी भाषा शिकण्यात, तिचे व्याकरण जुळवण्यात आणि बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करण्यात गेला.

माझ्याही पहिल्या वर्षी भाषेनेच सर्वाधिक कस पाहिला. सहा महिन्यांनी मी प्रथमच तेथील भाषेत मोठ्याने प्रार्थना केली, तेव्हा शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून माझा चुकलेला शब्द हलकेच दुरुस्त केला आणि मी तो पुन्हा उच्चारून प्रार्थना पूर्ण केली. तिथून पुढे मी त्यांच्याकडेच शिकू लागलो.

परदेशात एकाकीपणा वाटतो, असे आपण लिहिलेत ते खरे आहे. नाताळच्या सुमारास तो फारच जाणवतो. मात्र आपल्याला पाठवणाऱ्या मंडळीला (चर्चला) पत्र लिहिताना आकडे फुगवण्याचा मोह कृपया टाळावा. कोणी घरी बोलावले, कोणाच्या आजारपणात उशाशी बसता आले, हे निःसंकोच लिहावे.