सिग्नलवर थरथरते, चालताना काहीच नाही: पेट्रोल गाडीचा आयडल (उभ्या गाडीत इंजिनचा सर्वात कमी वेग)

प्रश्न (वर्धा रोड, नागपूर):
गाडी १२०० सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल, २०१७ चं मॉडेल, ६८,००० किमी. व्हरायटी चौकात सिग्नलवर उभी राहिली की स्टिअरिंग, सीट सगळं थरथरून राहतं. आरपीएमचा काटा ७५० वरून ६०० पर्यंत खाली येतो, परत चढतो. एसी लावला की जास्तच. २,००० च्या वर काहीच त्रास नाही. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. गॅरेजवाला चारही कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) बदला म्हणतो. आधी काय तपासू, भाऊ?

पहिलं उत्तर:
काटा स्थिर राहून गाडी थरथरली असती तर इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) पाहायला सांगितलं असतं. इथे काटाच हलतोय, म्हणजे दोष ज्वलनात किंवा हवेत. चारही कॉइल सहसा एकाच वेळी जात नाहीत, तेव्हा खरेदी थांबवा.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावून पेंडिंग कोड, म्हणजे अजून पक्का न झालेला दोष, आणि सिलिंडरवार मिसफायर (पेट्रोल नीट न जळणं) मोजणी बघा. दिवा लागायच्या आधीच पेंडिंग कोड बसतो. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर, पी०३०० म्हणजे ठरावीक एक नाही, कुठलाही किंवा अनेक. एकच सिलिंडर सापडला तर इंजिन बंद करून त्याची कॉइल शेजारच्यावर लावा. दोष कॉइलसोबत गेला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर तसंच प्लगचं करा. तरीही तिथेच राहिला तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. चालू इंजिनवर कॉइल उपटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन त्याला जाळतं.

दुसरं उत्तर:
स्कॅनरवर फ्युएल ट्रिमही (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते) बघा, पण आधी एअर फिल्टरच्या पुढे एअरफ्लो मीटर (आत जाणारी हवा मोजणारा) आहे का ते पाहा. असेल आणि आयडलला ट्रिम +२० च्या आसपास, २,५०० आरपीएमला मात्र +५ च्या खाली, तर कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. मीटर नसून मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) असेल तर अशी हवा ट्रिममध्ये ठळक दिसत नाही, बहुतेकदा आयडलच चढतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर कडक होऊन चिरतं, म्हणून पीसीव्ही (इंजिनमधली तेलाची वाफ परत हवेच्या वाटेत नेणारा व्हॉल्व्ह) आणि ब्रेक बूस्टरचे (ब्रेक हलका करणाऱ्या भागाचे) पाइप वाकवून, खालच्या बाजूनेही बघा. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा ज्वलनशील स्प्रे) फवारून गळती शोधू नका, आग लागते.

प्रश्नकर्ता:
मॅप सेन्सर आहे. मिसफायर चारही सिलिंडरला शून्य, ट्रिम +३. पाइप ठीक दिसले.

तिसरं उत्तर:
मग थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) उघडा. आयडलला त्यातली बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, अगदी केसभर उघडी असते, त्यामुळे कडेला साचलेला काजळीचा पातळ थरही हवा अडवतो. एसीचा कॉम्प्रेसर लागला की भार येतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सावरेपर्यंत काटा पडतो. बटरफ्लाय जास्त उघडली की त्या थराला किंमत नाही, म्हणून २,००० ला सगळं ठीक.

इंजिन थंड, इग्निशन बंद. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन कडा आणि आतली भिंत पुसा, थेट फवारू नका, शाफ्टच्या बेअरिंगमध्ये जातं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर बटरफ्लाय बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटतात. नंतर स्कॅनरवरून आयडल लर्निंग (ईसीयूला आयडलची नवी जागा शिकवणं) करून घ्या, नाहीतर काटा बराच वेळ चढा राहील.

पीसीव्ही व्हॉल्व्हही तपासा. तो अडकला असेल तर तेलाची वाफ येत राहील आणि काजळी पुन्हा साचेल. एसी आणि हेडलाइट लावून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. चालू इंजिनला १३.५ च्या खाली आलं तर अल्टरनेटरकडे (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरकडे) वळा.