रविवारी हुल्स्टला कोण?

घरचा ग्रुप, इंदूर
गुरुवार, २९ जानेवारी २०२६

मी, रात्री ८:४०
मंडळी, रविवारची संध्याकाळ मोकळी ठेवा. नेदरलँड्समध्ये हुल्स्टला सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखल-गवतातून, कधी सायकल खांद्यावर घेऊन धावायच्या सायकल शर्यतीची जागतिक स्पर्धा आहे. बायकांची शर्यत शनिवारी, पुरुषांची रविवारी. दरवर्षीसारखी नावं इथेच लिहायची, मुदत उद्या रात्रीपर्यंत. ज्याचा अंदाज बरोबर येईल त्याला सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत बाकीच्यांकडून गराडू, म्हणजे तळलेला कंद.

धाकटे काका
रविवारी बजेट आहे रे.

मी
बजेट सकाळी ११ ला, काका. संध्याकाळपर्यंत तुमचं ऐकून, बोलून सगळं झालेलं असेल.

ताई
यात अंदाज कसला करायचा? मॅथ्यू व्हॅन डर पूल. डिसेंबरात बेल्जियममधल्या नामूरला उतरला तेव्हापासून एकही शर्यत हरलेला नाही. लिही माझं नाव आणि गराडू गरम ठेवायला सांग.

छोटू
माझा वाउट व्हॅन आर्ट नाही, तर मी नावच देणार नाही.

आत्या
का रे, त्याला काय झालं?

छोटू
२ जानेवारीला मोलच्या शर्यतीत पडला, आत्या. घोटा मोडला, ऑपरेशन झालं. संपला मोसम.

मी, रात्री ९:०५
छोटू, तुझं दुःख मला कळतं. आपण दोघांनी २०२१ ची ओस्टेंडची जागतिक शर्यत लॅपटॉपवर बघितली होती ना, समुद्राच्या वाळूतली? वाउट व्हॅन आर्ट पुढे होता आणि टायर पंक्चर झाला. तेव्हा तू उशी फेकली होतीस. २०२३ ला होगरहाइडेला पुन्हा तेच दोघं शेवटच्या सरळ रस्त्यापर्यंत बरोबर आले आणि स्प्रिंटमध्ये मॅथ्यू निघून गेला. गेल्या वर्षी लिएव्हाँलाही मॅथ्यू पहिला, वाउट दुसरा. वाउटची तीन विजेतेपदं २०१६, १७, १८ ची, सलग. तो नसला की शर्यतीतली अर्धी धग जाते, हे मलाही मान्य आहे.

पण ताई, म्हणून अंदाज सोपा झाला असं नाही. पहिल्या नंबरावर सगळेच एक नाव लिहिणार, मग गराडू कोण कुणाला देणार? यंदा नियम बदलू. पहिले तिघे लिहायचे, क्रमासकट. आणि बायकांच्या शर्यतीची विजेती वेगळी.

ताई
मान्य. पण मॅथ्यूचं थोडं सांग, वहिनीला माहीत नाही.

मी
वहिनी, तो जिंकला तर आठवं विजेतेपद. २०१५, १९, २०, २१, २३, २४, २५ अशी सात आत्ताच आहेत. पुरुषांत सात आणखी एकाचीच आहेत, बेल्जियमच्या एरिक दे व्लामिंकची. १९६६ ला एक आणि मग १९६८ ते १९७३ सलग सहा. पन्नासहून जास्त वर्षं त्या आकड्याला कुणी हात लावला नव्हता. रविवारी तो आकडा मागे पडू शकतो. बायकांमध्ये मारियान व्होसची आठ आहेत, म्हणजे मॅथ्यू तिच्या बरोबरीला येईल. घराणंही सायकलचंच. वडील आद्री १९९६ चे विश्वविजेते, आईचे वडील फ्रान्सचे नावाजलेले सायकलपटू रेमों पूलिदोर.

वहिनी
म्हणजे आजोळकडूनही आलंय. पण भावजी, चिखलात सायकल चालवायची तर सरळ जाडी चाकं का नाही लावत?

मी
नियम आहे, वहिनी. टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. आबांच्या जुन्या २८ इंची सायकलचा टायर याहून जाड आहे. म्हणून मग हवा कमी ठेवतात, इतकी कमी की अंगठ्याने दाबलं तर टायर आत जातो. हवा जास्त झाली तर वळणावर घसरणार, कमी झाली तर दगडावर आपटून रिम वाजणार. सकाळी सरावाला फेरी मारून हवा ठरवतात आणि शर्यतीआधी पुन्हा बदलतात. निम्मी शर्यत तिथेच ठरते असं मला वाटतं.

ताई, रात्री ९:३०
आबा बाजूलाच बसलेत, सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. आता ते सांगताहेत, मी टाइप करतेय.

"पहिल्या पाळीला निघायचो तेव्हा मिलच्या मागच्या वाटेला सगळी काळी माती होती. पाऊस पडत असताना सायकल चालायची. चिखल पातळ असतो, उडतो आणि पाण्याबरोबर गळून जातो. खरी पंचाईत पाऊस थांबल्यावर तीन-चार तासांनी. माती कणकेसारखी व्हायची. मडगार्डात कोंबली जायची, चाक फिरायचंच थांबायचं. काडीने खरवडायचं, दहा पावलं गेलं की पुन्हा तेच. शेवटी दांडी खांद्यावर घ्यायची आणि चालायचं. खांद्याला वळ उठायचा. त्यामुळे कोण जिंकणार ते मला विचारू नका. पाऊस कधी थांबला ते आधी सांगा."

मी, रात्री ९:३४
आबा, हेच. शर्यतीची माहिती देणारे सगळे पाय आणि ताकद मोजत बसतात, आणि तुम्ही एका दमात मुद्द्यावर आलात.

सगळ्यांनी नीट वाचा. हुल्स्ट तटबंदीचं गाव आहे. पण तट ग्वाल्हेरच्या किल्ल्यासारखा दगडी नाही, मातीचा आणि गवताचा. आपल्या सिरपूर तलावाची पाळ डोळ्यासमोर आणा, ती उंच करा, कोपरे काढा, बाजूला खंदक द्या. या उतरणीवरून तिरकं जायचं, खाली सुटायचं, आणि लगेच उभा चढ. पाळीवरून तिरकं जाताना मागचं चाक खाली खेचलं जातं, तेव्हा ब्रेक लावला की माणूस खाली. हुल्स्ट ज्या झीलँड प्रांतात आहे तिथली चिकणमाती आधीच नावाजलेली. अशा जमिनीवर तीन तऱ्हेच्या शर्यती होऊ शकतात.

गवत कोरडं राहिलं तर वेग वाढेल, घोळका फुटणार नाही आणि शेवटच्या फेरीत ज्याच्याकडे झटका आहे त्याचं फावेल. तो तिबॉ नीस. गेल्या वर्षीचा तिसरा, २००५ आणि २०१३ चा विजेता स्वेन नीस याचा मुलगा. पातळ चिखल असेल तर ज्याचा सायकलवर हात बसलाय तो पुढे, आणि त्यात मॅथ्यूच्या जवळ फिरकेल असा मला कुणी दिसत नाही. वाटेत ४० सेंटिमीटर उंच आडव्या फळ्या येतात तिथे बाकीचे उतरून धावतात, तो सायकलसकट उडी मारून जातो. पण आबांची कणीक झाली, तर सायकल खांद्यावर घेऊन धावणारे वर येतील आणि पिटमधली, म्हणजे सायकल बदलायच्या जागेवरची माणसं महत्त्वाची ठरतील. अर्ध्या फेरीला सायकल बदलता येते. एकीवर स्वार, दुसरी तोवर प्रेशरच्या पाण्याने धुऊन, चेन पुसून, तेल लावून तयार. धुणाऱ्याचा एक गिअर अडकला तर दहा सेकंद गेलीच.

धाकटे काका
मग तुझे तीन कोण? भाषण झालं.

मी
व्हॅन डर पूल, नीस, देल ग्रोसो.

छोटू
टिबोर देल ग्रोसो? त्याला दुसरा घाल. २३ वर्षांखालचा विश्वविजेता आहे तो, २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी. आणि एरवीही मॅथ्यूच्याच संघात.

मी
म्हणूनच तिसरा घातला. जागतिक स्पर्धेत कंपनीचे संघ नसतात, देशाची जर्सी असते. पण हे दोघं नेदरलँड्सचेच, म्हणजे दोन्हीकडून एकत्र आहेत. मॅथ्यू सुटला की टिबोर पाठलाग का करेल? तो नीसच्या मागे बसून राहील. बसून राहणाऱ्याला शेवटी ताजे पाय मिळतात, हे खरं, पण नीसचा स्प्रिंट मोठा आहे.

छोटू
बसून राहिला तर नीसलाच पुढे राहून ओढावं लागेल ना सगळं? मग नीस दमेल. मी माझं तोंड बंद ठेवणार होतो, पण आता देतोच. व्हॅन डर पूल, देल ग्रोसो, नीस.

मी
छोटू, हा मुद्दा पटण्यासारखा आहे. तरी मी माझं बदलत नाही.

ताई
आबा म्हणतात त्यांचा तिसरा टून आर्ट्स. "तो उंच पोरगा, युरोपचा विजेता ना? चालताना त्याची ढांग मोठी आहे."

आत्या, रात्री ९:५८
आता बायकांचं बोला. मी फक्त तीच शर्यत बघणार आहे.

मी
आत्या, माझं मन सगळं तिथेच आहे. ल्युसिंडा ब्रँड. वय ३६. २०२१ ला ओस्टेंडला जिंकली. त्यानंतर २०२२ ला दुसरी, मारियान व्होसच्या मागे. २०२३ ला तिसरी. २०२४ ला दुसरी, २०२५ ला पुन्हा दुसरी, दोन्ही वेळा फेम व्हॅन एम्पेलच्या मागे. दर वर्षी पोडियमवर उभी राहते आणि शेजारणीच्या अंगात विश्वविजेतीची इंद्रधनुषी जर्सी चढवताना बघते. यंदा फेम मैदानात नाही आणि ब्रँडने मोसमभर जवळजवळ सगळं जिंकलंय. ती उताराला जीव धोक्यात घालत नाही, कुठे चालायचं ते तिला आधीच ठाऊक असतं, आणि तिसऱ्या फेरीचा वेग शेवटच्या फेरीतही तसाच राहतो. चिकट मातीत मला तीच हवी.

वहिनी
मी पुक पीटर्सेवर. २३ वर्षांची मुलगी फळ्यांवरून उडी मारते, ते मागच्या वर्षी तुम्हीच दाखवलं होतं. पाय न टेकवता गेली. मला तेव्हाच आवडली.

मी
पातळ चिखल असेल तर वहिनी जिंकतील, हे मी आत्ताच लिहून देतो.

आत्या
ब्रँड. चार वर्षं वाट बघितलेल्या बाईला द्यायचं नाही तर कुणाला? आबांना विचार.

ताई
आबाही ब्रँड. म्हणाले, "खांद्यावर सायकल घ्यायची वेळ आली की घाई करणारा पहिला बसतो."

धाकटे काका
माझं लिहा. व्हॅन डर पूल, नीस, आर्ट्स. बायकांत सेलिन आल्वाराडो, कुणी तिचं नाव घेतलं नाही म्हणून. २०२० ला जिंकली होती ना?

मी
हो, जिंकली होती. बरोबर आठवलं, काका. लिहिलं.

ताई, रात्री १०:२०
आबा झोपायला चाललेत. म्हणताहेत, शनिवारी सकाळी उठल्याबरोबर हुल्स्टचं हवामान बघून त्यांना सांगायचं. रात्री पाऊस होता का, आणि किती वाजता थांबला. आणि टीव्हीवर पिट दाखवतील तेव्हा त्यांना हाक मारायची, त्यांना सायकल धुताना बघायची आहे.