मदत हवी आहे : घानाचा शेंगदाण्याचा रस्सा दर वेळी आमटीच्या वळणावर जातोय

विश्रामबागवाली

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. स्वयंपाकात काही नवखी नाही, पंचवीस माणसांचा मटणाचा बेत एकटीनं उरकलाय. पण गेले दोन महिने एका रश्श्यानं मला पार जेरीला आणलंय.

आमचे धाकटे भावजी नऊ वर्षं घानात होते. आक्राच्या शेजारी टेमा म्हणून बंदराचं गाव आहे, तिथल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. आता कायमचे परत आलेत. पहिले पंधरा दिवस खर्डा-भाकरी, अख्खा मसूर, भरलं वांगं, सगळे लाड झाले. मग एक दिवस जेवताना म्हणाले, "वहिनी, एकदा नकातेन्क्वान खायला पाहिजे." मला वाटलं नकाते आडनावाचं कुणी भेटायला यायचंय! तर तिकडच्या भाषेत 'नकाते' म्हणजे शेंगदाणा आणि 'न्क्वान' म्हणजे रस्सा. कोंबडी घालून करतात.

म्हटलं, शेंगदाण्याचा रस्सा सांगलीच्या बाईला काय अवघड? तीनदा केला, तीनदा फसला.

पहिल्यांदा आपल्याच पद्धतीनं : फोडणी, भाजलेल्या दाण्याचं कूट, घरची चटणी, हळद, कुकरला तीन शिट्ट्या. कोंबडी घातलेली दाण्याची आमटी झाली. दुसऱ्यांदा हळद आणि चटणी वगळली, टोमॅटो वाढवले. कूट तळाशी बसलं, वर आंबट पाणी. तिसऱ्यांदा दाणे जरा जास्त खमंग भाजले आणि कूट बारीक केलं, तर तळाला लागलं आणि शेवटी जिभेवर कडवटपणा राहिला.

भावजींनी स्वतः कधी केला नाही. तिथं 'चॉप बार' म्हणतात तसल्या खानावळीत खायचे. त्यांच्याकडून एवढंच कळलं : रंग विटकरी, वर लालसर तवंग, घट्टसर पण गुळगुळीत, दाणा दाताखाली अजिबात येत नाही. आणि मिरचीला पिकल्या फळासारखा वास असतो.

ते तक्रार करत नाहीत हेच जास्त लागतं. "छान झालंय वहिनी" म्हणतात आणि दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत.

कुणी तिकडे राहिलंय का? तवंग कसा आणायचा, कडवटपणा कशामुळं येतो, आणि ती मिरची नसेल तर काय वापरू?

माणदेशी_सून

अहो ताई, हा तर आमचा म्हाद्या! दाणे भाजायचे, लसूण-मिरचीबरोबर वाटायचे, फोडणीत पाणी उकळलं की सोडायचे. कोंबडी घाला नाहीतर घालू नका. ज्वारीच्या भाकरीबरोबर द्या, भावजी घाना विसरतील.

विश्रामबागवाली

म्हाद्या मलाही येतो हो. तोच तर होतोय दर वेळी.

साताऱ्याची_लेक

ताई, मी मूळची साताऱ्याची, पण यांच्या नोकरीमुळं साडेचार वर्षं घानातल्या कुमासीला होते. शेजारच्या मावशींनी मला समोर बसवून हा रस्सा शिकवला. आधी तुमचं कुठं बिनसलं ते सांगते, मग कृती.

तुम्ही कूट घालताय, तिथंच गाडी अडते. कूट म्हणजे दाण्याचे कण, ते कितीही बारीक केलं तरी पाण्यात सुटं राहतं आणि खाली बसतं. तिकडे घालतात तो लगदा. दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, ते मिक्सरमध्ये सुटेपर्यंत वाटायचं. पाण्याचा थेंब नको. आधी कूट होईल, मग भांड्याच्या कडेला चिकटून गोळा होईल, तेव्हा वाटेल की मिक्सर आता जळणार. थांबा, कडा खरवडा, पाच मिनिटं गार होऊ द्या, परत फिरवा. तिसऱ्या-चौथ्या वेळी गोळा अचानक सैल पडतो आणि चमच्यावरून मधासारखा ओघळतो. तोवर सोडायचं नाही. बाजारचं पीनट बटर चालेल, पण डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच वेळा साखर असते, आणि साखर घातलेला रस्सा मी एकदा खाल्लाय. नको.

फोडणी पूर्णपणे विसरा. तेलसुद्धा घालायचं नाही, ते दाण्यातूनच येतं.

किलोभर गावरान कोंबडी घ्या. तिकडेही रश्श्याला टणक कोंबडीच घेतात, ब्रॉयलर तासाभरात विरघळते. एक कांदा किसून, दोन इंच आलं वाटून, मीठ. कोंबडीला हे चोळून जाड पातेल्यात झाकून मंद गॅसवर अंगच्या पाण्यात शिजवायची, पंधरा मिनिटं. मग दीड-दोन लिटर गरम पाणी. आता यात चार टोमॅटो, एक कांदा, मिरच्या, सगळं अख्खंच सोडायचं. चिरायचं नाही. मऊ झालं की झाऱ्यानं काढून मिक्सरमधून फिरवायचं आणि गाळून परत त्याच पातेल्यात. आपण आधी वाटून परततो, ते आधी रश्श्यात शिजवून वाटतात. त्यानं कच्चा आंबटपणा जातो.

सांगलीकरांसाठी खास : यात दोन वांगीही सोडा. तिकडे अंड्याच्या आकाराची पांढरट वांगी मिळतात, ती अशीच उकडून, वाटून घालतात, त्यानं रश्श्याला अंग येतं. तुमच्याकडे कृष्णाकाठची काटेरी वांगी असताना कशाला अडायचं? फक्त आधी देठ काढा आणि चिरून कीड बघा.

आता तवंगाचं. पाव किलो दाण्यांचा लगदा घ्या. तो थेट उकळत्या पातेल्यात टाकलात तर गुठळ्या. वेगळ्या जाड कढईत लगदा आणि दोन-तीन पळ्या रस्सा, मंद आच, आणि लाकडी डावानं हलवत राहायचं. आधी सैल होतो, मग घट्ट होत जातो, मग एकदम कडेनं तेल सुटायला लागतं. वीस मिनिटं तरी लागतात. फोन उचलायचा नाही, दार वाजलं तर दुसऱ्याला पाठवायचं. तेल सुटलं की तो गाळणीतून मोठ्या पातेल्यात, आणि मग अर्धा-पाऊण तास झाकण न ठेवता मंद उकळी. मावशी सांगायच्या, तेल वर आल्याशिवाय रस्सा कच्चा आहे, पोट दुखेल. पोटाचं मला माहीत नाही, पण चवीचं खरं आहे.

लगदा घातल्यावर कुकर नको. दाण्याचं दाट मिश्रण फेसाळतं, तळाला धरतं आणि शिट्टीच्या भोकात जाऊन बसतं. कोंबडी जून असेल तर ती एकटी कुकरला लावा.

एक चमचा सुकट भाजून, पूड करून घाला. तिकडे धुरावलेली मासळी घालतात, ती चव थोडी तरी येते. घरात चालत नसेल तर राहू द्या.

आणि हळद नाही, गरम मसाला नाही, कोथिंबीर नाही. हात शिवशिवतील, मला माहितीये.

विश्रामबागवाली

सांगलीत राहून बिनहळदीचा रस्सा! सासूबाईंना सांगायचं कुणी? पण पटलं. अख्खे टोमॅटो शिजवून वाटायचे हे माझ्या डोक्यातच आलं नसतं.

तासगाव_आडत

कडवटपणाबद्दल लिहितो. दोन कारणं असतात आणि दोन्ही वेगळी.

पहिलं साधं. दाणा मोठ्या आचेवर भाजला की वरून डागतो आणि आत कच्चा राहतो. वाटल्यावर करपलेली टरफलं सगळीकडे पसरतात. मंद आचेवर भाजा, मधून एक दाणा फोडून बघा. आतून फिकट बदामी झाला की उतरवा, कढईच्या उष्णतेनं तो पुढं आणखी भाजतो. गार झाल्यावर चोळून, पाखडून टरफल काढाच. आमटीत ते खपून जातं, गुळगुळीत रश्श्यात नाही.

दुसरं कारण गंभीर आहे. दाणा ओला राहिला, ओलसर पोत्यात पडला की बुरशी धरते. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक. 1960 साली इंग्लंडमध्ये असली पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध घेताना ते सापडलं. ते भाजून किंवा उकळून पुरतं जात नाही. त्यामुळं सुरकुतलेला, काळपट, हिरवट डाग असलेला दाणा निवडून फेकायचा, 'भाजल्यावर कळतंय कुठं' म्हणून ढकलायचा नाही. आपण दाणे निवडतो ते खड्यांसाठी. डोळे उघडे ठेवून दाण्यासाठीही निवडा. कडू लागलेला दाणा गिळू नका, थुंका.

पावसाळ्यात महिनाभराचे दाणे भरून ठेवू नका. हे मी विकणारा असून सांगतोय.

उगाच_माहिती

धाग्याला थोडा फाटा फोडतो, माफी असावी. शेंगदाणा आफ्रिकेचा नाही आणि आपलाही नाही. तो दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पश्चिम आफ्रिकेत नेला. मिरची आणि टोमॅटोही अमेरिकेचेच. म्हणजे म्हाद्या काय आणि नकातेन्क्वान काय, दोन्ही उसनवारीवर उभे. त्यामुळं ताईंचा रस्सा आमटीकडे ओढ घेतो यात ताईंचा दोष नाही, सामानच सारखं आहे.

मिरचीचं मात्र तसं नाही. तिकडची गोल, सुरकुतल्या अंगाची मिरची हॅबानेरो, स्कॉच बॉनेट यांच्या कुळातली. आपली लवंगी आणि ब्याडगी वेगळ्या कुळातल्या. लवंगीनं तिखट येईल, ब्याडगीनं रंग येईल, पण फळासारखा वास दोघींकडे नाही. आपल्याकडे त्या कुळाच्या जवळची म्हणजे ईशान्येची भूत जोलोकिया. वाळलेली ऑनलाइन मिळते. अर्धी पुरे. तिचे आणखी तुकडे करू नका, तशीच रश्श्यावर तरंगत ठेवा आणि वास उतरला की काढून टाका. फुटली तर मात्र रस्सा भावजींनी एकट्यानंच खायचा. हाताळल्यावर डोळ्याला बोट लावू नका. हे मी वाचून सांगत नाहीये.

मिरजकर

आमच्याकडे कोंबडी चालत नाही. मग रताळी घातली तर?

साताऱ्याची_लेक

चालेल. रताळी, वांगी, भेंडी, अळंबी. रताळी उशिरा घाला नाहीतर रस्सा गोड आणि चिकट होतो. आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा भिजवून, शिजवून घातला तर झकास, पण त्याला घानाचं नाव देऊ नका.

ताई, सांगायचं राहिलं. बरोबर भाकरी-पोळी नको, 'ओमो तुओ' करा, भाताचे गोळे. चॉप बारमध्ये रविवारी हमखास असतात. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घ्या, बासमती अजिबात नको. तिप्पट-चौपट पाण्यात गिच्च शिजवा आणि गरम असतानाच पिठलं हाटतो तसा हाटा, शीत दिसता कामा नये. वाटी आतून ओली करून त्यात डावभर भात घालून गोल गोल झुलवायचा, चेंडू होतो. खोलगट ताटलीत गोळा, वरून रस्सा. उजव्या हातानं तोडून खायचं.

विश्रामबागवाली

मंडळी, काल रविवारी केला. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

दाणे निवडायला बसले तर पाव किलोत मूठभर बाद निघाले. इतकी वर्षं हे पोटात जात होतं म्हणायचं. मंद आचेवर भाजायला पंचवीस मिनिटं लागली. मिक्सरनं तिसऱ्या फेरीला जळका वास सोडला, मी बंद करून अर्धा तास ठेवला. पाचव्या फेरीला, तिसऱ्या नाही, लगदा सैल झाला. पण झाला! चमच्यावरून ओघळताना मुलीनं व्हिडिओ काढला.

कढईतला प्रकार सर्वांत कठीण. पंधराव्या मिनिटाला इतकं घट्ट झालं की वाटलं, आता लाडू वळावेत. डाव ओढवेना. अजून एक पळी रस्सा घातला, हलवत राहिले, आणि मग कडेला नुसती एक ओली रेघ दिसली. बघता बघता ती कढईभर फिरली, लालसर. कोल्हापुरी कटाचा लाल नव्हे, पिकलेल्या विटेचा. मी जाऊन भावजींना बोलावलं नाही. दोनदा जाऊन परत आले पण बोलावलं नाही.

भूत जोलोकिया मुलीनं मागवली होती. अर्धीच, तरंगती, दहा मिनिटं. वास खरंच वेगळा आहे, आंब्याच्या अढीत लवंगीची धुरी दिल्यासारखा. सासूबाईंना वेगळी आमटी केली होती, त्यांनी आधी नाक मुरडलं आणि मग चमचाभर "चवीपुरता" घेतला, तीनदा. यांनी गोळ्याकडे बघितलं आणि भाकरी मागितली.

भावजींनी हात धुतले, चमचा बाजूला सारला. गोळ्याचा तुकडा तोडून अंगठ्यानं खळगा केला, रस्सा भरला, खाल्ला. मी पदराला हात पुसत उभी. मग म्हणाले, "वहिनी, मीठ कमी आहे. आणि तिथं ह्याच्यापेक्षा पातळ असतो."

आणि पातेलं स्वतःकडं ओढलं.

आता दोन शंका. उरलेला रस्सा आज सकाळी फ्रीजमधून काढला तर वडी पाडण्याइतका घट्ट. गरम पाणी घालून परत उकळला तर चालतो ना, की तवंग बसतो? आणि ती उरलेली अर्धी मिरची कशात ठेवू? प्लास्टिकच्या डबीत मसाल्याच्या कप्प्यात ठेवली होती, आज चहाचा वेलदोडा तिखट लागला.