शब्दचर्चा: पाणी 'वळवले' की 'पळवले'?

वाळपईहून प्रश्न: गोवा-कर्नाटक वादातल्या म्हादई नदीच्या बातमीला एका दैनिकाचा मथळा 'कर्नाटकाने पाणी पळवले', दुसऱ्याचा 'वळवले'. वस्तुनिष्ठ कोणता? आम्हा सत्तरीकरांना तर 'पळवले'च खरे वाटते.

पणजीहून उत्तर (मी उपसंपादक आहे): ताई, 'वळवले' हे कालवा पाहून, पाणी मोजून पडताळता येते. 'पळवले' म्हटले की चोरी आली, आणि चोरी ठरवायची तर हक्क कोणाचा हे आधी ठरायला हवे. वाद नेमका तिथेच आहे. म्हादईचा पाणीवाद ऐकणाऱ्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. त्यातले कळशा नाल्याचे १.७२ आणि भांडुरा नाल्याचे २.१८ टीएमसी खोऱ्याबाहेर न्यायला मुभा दिली. गोव्याने त्या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. म्हणून अग्रलेखात 'पळवले' खुशाल लिहावे. बातमीत मात्र तो शब्द ज्याचा त्याच्या तोंडी द्यावा: 'पाणी पळवल्याचा आरोप अमक्यांनी केला'.

पण 'वळवले' लिहिले म्हणजे सुटलो असेही नाही. नुसता चर खोदला असेल आणि पाणी अजून गेले नसेल, तर 'वळवले' चूकच. वस्तुनिष्ठ शब्दही खोटा ठरू शकतो. फक्त त्याचा खोटेपणा तपासता येतो.

मला जास्त काळजी क्रियापदांची वाटते. विशेषणे कोणीही पकडतो. मंत्र्यांनी 'स्पष्ट केले' लिहिले की त्यांचे म्हणणे आपण खरे धरले. विरोधकांनी 'दावा केला' लिहिले की शंका घेतली. 'कबूल केले' म्हणजे तर गुन्हाच पदरात घातला. दोघांनाही 'म्हणाले' किंवा 'सांगितले' पुरते. शब्द पुन्हा पुन्हा येतो म्हणून तो बदलू नये.

मडगावहून: आकडे दिले की बातमी वस्तुनिष्ठ होते, हे तरी मान्य?

पणजीहून: आकड्याच्या शेजारी काय बसवता ते बघायचे. १६ जानेवारी १९६७ चा गोव्यातला जनमत कौल घ्या. गोव्याच्या वेगळ्या अस्तित्वाच्या बाजूने १,७२,१९१ मते, महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१. याला कोणी 'तब्बल' लावेल, कोणी 'अवघा'. दोन्ही काढले तरी बातमीतले काही कमी होत नाही.

डिचोलीहून: अपघाताच्या बातमीतला 'काळाचा घाला' कुठे बसवणार? त्यात कोणाचीच बाजू नाही.

पणजीहून: बाजू आहे, आणि मला ती सर्वांत जास्त खुपते. 'दुचाकीस्वारावर काळाचा घाला' लिहिले की खड्डा कोणी बुजवला नाही, ट्रक किती वेगात होता, रस्त्यावर दिवा होता का, हे प्रश्न कोणी विचारत नाही. शोक दाखवायच्या नादात आपण जबाबदारांना मोकळे सोडतो. 'खड्डा चुकवताना दुचाकी घसरली, मागून आलेल्या ट्रकखाली सापडून चालक ठार' हे वाचताना घरच्यांना कठोर वाटेल, पण रस्ता दुरुस्त करून घ्यायला त्यांच्या हाती हेच वाक्य उपयोगी पडते. अर्थात खड्ड्याची खात्री वार्ताहराने जागेवर जाऊन केलेली असेल तरच.