वीस महिन्यांच्या मुलाला ‘मेंदूविकासा’चा वर्ग लावावा का?

प्रश्न : ऋजुता, चिंचवड

माझा मुलगा वीस महिन्यांचा आहे. मी आणि माझे पती दोघेही नोकरी करतो, त्यामुळे सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सातपर्यंत तो माझ्या सासूबाईंजवळ असतो. गेल्या आठवड्यात एका खासगी संस्थेच्या प्रतिनिधींनी आमच्या सोसायटीत पालकांची बैठक घेतली. मेंदूची बहुतेक वाढ तीन वर्षांपर्यंत होऊन जाते आणि हा काळ गेला की परत येत नाही, असे सांगून त्यांनी फ्लॅशकार्ड, टॅबवरील धडे आणि आठवड्याला दोन वर्ग असा वर्षाला ४८ हजार रुपयांचा अभ्यासक्रम सुचवला. घरात शक्यतो इंग्रजीच बोलावे, असाही त्यांचा आग्रह होता. सासूबाई मूळच्या अकोल्याच्या आहेत. दिवसभर ‘काऊन रे बापू’ म्हणत नातवाशी वऱ्हाडीत बोलणाऱ्या त्या, या बैठकीनंतर त्याच्यासमोर अडखळू लागल्या आहेत, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटते आहे.

मुलगा पंधरा-वीस शब्द बोलतो. मोबाइल समोर धरल्याशिवाय मात्र तो घास घेत नाही. वर्ग लावला नाही तर खरोखरच काही हातचे निसटते का? आणि घरात नेमके काय बदलावे?

उत्तर १ : एक बालरोगतज्ज्ञ, नाशिक

त्यांनी सांगितलेले अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे सांगूनच असे अभ्यासक्रम खपतात. जन्मतः बाळाचा मेंदू आकाराने प्रौढ मेंदूच्या साधारण पाव असतो. तिसऱ्या वर्षापर्यंत तो सुमारे ८० टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्के होतो. परंतु ही आकाराची गोष्ट झाली. मेंदूपेशींमधल्या जोडण्या वापराने पक्क्या होतात व न वापरलेल्या गळून पडतात, हे काम पुढेही चालूच राहते, आणि विचार करून निर्णय घेण्याशी संबंधित असलेला कपाळामागचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. तिसऱ्या वाढदिवशी कोणतेही दार बंद होत नाही.

या जोडण्यांना खाद्य मिळते ते देवाणघेवाणीतून. मूल बोट दाखवते, आपण त्या दिशेने पाहून काही बोलतो, मग ते पुन्हा काही आवाज काढते आणि आपण पुन्हा उत्तर देतो. हा चेंडू दिवसातून शेकडो वेळा इकडून तिकडे जावा लागतो. फ्लॅशकार्ड तो परत टाकत नाही. सासूबाई टाकतात, आणि वऱ्हाडीतून टाकतात म्हणून त्यात काहीही उणे पडत नाही, कारण ज्या भाषेत मोठ्या माणसाला मनापासून, भरभरून बोलता येते तीच मुलासाठी उत्तम असते. इंग्रजी मागाहून येतेच. तेव्हा आधी सासूबाईंचा संकोच घालवा; माझ्या मते तुमच्या घरातील सर्वांत निकडीचे काम तेच आहे.

मोबाइलविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : एक वर्षाच्या मुलांनी पडद्यासमोर बसणे इष्ट नाही, आणि दोन वर्षांनंतरही ते दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावे. जेवताना तर तो बंदच करा. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल आणि एखादे जेवण अर्धवट राहील. एरवी तब्येतीने चांगल्या असलेल्या मुलाचे त्याने काही बिघडत नाही.

माझ्याकडे येणारे पालक सहसा विचारत नाहीत ती गोष्ट म्हणजे लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली, आणि महाराष्ट्राचे चित्र याहून बरे नाही. लोहाच्या कमतरतेचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. मूल दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पीत असेल तर त्याची भूक मरते व लोह कमी पडते. चहा-बिस्किटातील चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. अंडे, डाळी, मोड आलेली मटकी आणि त्यावर लिंबू पिळलेले असे जेवण द्या, आणि आठवड्यातून दोनदा द्यायचे लोहाचे सरकारी औषध चालू आहे का, ते आशाताईंना विचारा. झोप दिवसाची धरून अकरा ते चौदा तास व्हायला हवी. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याने दोन शब्द जोडले नाहीत, तर वर्गाची नव्हे, श्रवणतपासणीची गरज आहे असे समजा.

उत्तर २ : निवृत्त अंगणवाडी सेविका, डहाणू तालुका

ऋजुताताई, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा विकतच्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पाने आणि खडे वापरले. आम्हीही नोकरीभर तेच वापरले.

सासूबाई मटार सोलायला बसल्या की त्याला शेजारी बसवावे. शेंग त्याच्या हाती द्यावी आणि गप्प राहावे. तो ती दाबेल, चावेल, उलटी करील. मग शिवण फुटून दाणा घरंगळत कपाटाखाली जाईल आणि तो तुमच्या तोंडाकडे पाहील. त्या क्षणी ‘गेला! कुठं गेला?’ एवढेच म्हणावे व त्याचे उत्तर येईपर्यंत मनात पाच आकडे मोजावेत. आपण मोठी माणसे फार लवकर बोलतो. माझ्या अंगणवाडीत मुकी समजली गेलेली दोन मुले केवळ कोणी थांबत नव्हते म्हणून बोलत नव्हती.

उत्तर ३ : एक बाप, डोंबिवली

मला मुलगी दिवसातून दीड तास भेटते, त्यामुळे ‘मुलांना वेळ द्या’ हा सल्ला वाचला की मला राग येतो. मी निराळा वेळ काढणे सोडून दिले आहे. रात्रीची तिची अंघोळ माझ्याकडे असते, आणि त्या वेळी माझा फोन बाहेर राहतो. तांब्या बुडतो, प्लॅस्टिकचा मग तरंगतो, यावर आमचे पंधरा मिनिटे संभाषण चालते. लोकलमध्ये उभा राहून आलेल्या माणसाला यापेक्षा अधिक झेपत नाही, आणि अधिक लागतही नसावे.

ऋजुता :

सर्वांचे आभार. डॉक्टरांचे उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. ‘मंग त्या पोराले मी काय चुकीचं शिकवत होती?’ असे म्हणून त्या बराच वेळ हसत होत्या. वर्ग लावणार नाही. दूध मोजले, ते दिवसाला जवळपास पाऊण लिटर निघाले. ते कमी करते आहे. मोबाइल बंद केल्याचा आज दुसरा दिवस आहे, काल रात्री त्याने केवळ वरणभाताचे चार घास खाल्ले. मटाराचा प्रयोग रविवारी करू.

बालरोगतज्ज्ञ, नाशिक :

चार घास पुरेसे आहेत. मटार सोलताना मात्र शेजारी कोणीतरी लक्ष ठेवून बसलेले असावे, कारण या वयात गोल दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. खायला मटार शिजवून, कुस्करूनच द्या. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे किमान चार वर्षांपर्यंत देऊ नका.