जहाजात कंटेनर चढेना, एलसीची (बँकेनं दिलेल्या पैशांच्या हमीची) तारीख जवळ आली – काय करावं?

टॉवेलवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. हॅम्बर्गच्या पार्टीचा चाळीस फुटी कंटेनर भरून न्हावा शेवा बंदराला पाठवला, गेट-इन (बंदराच्या आवारात घेणं) पण झालं, पण जहाजात काय चढेना. लाईनवाले (जहाज कंपनी) म्हणतात जागा नाही पुढच्या जहाजाला टाकतो, आणि पुढचं जहाज आलं की परत तेच. २०२३ च्या नोव्हेंबरात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हापासून सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा, त्यात दहा-बारा दिवस जास्त जातात, वेळापत्रक असं काही राहिलंच नाही. इकडं पॅकिंग क्रेडिटचं (निर्यातीच्या मालासाठी घेतलेल्या बँकेच्या कर्जाचं) व्याज चालू, कामगारांचे पगार काय थांबत नाहीत. एलसीतली शिपमेंटची शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. एकजण म्हणायलाय मागच्या तारखेची बीएल (जहाज कंपनीची माल चढवल्याची पावती) काढून देतो. घ्यावी का? आणि विमा भरलाय त्यातून उशिराचं काही मिळतं का?

पनवेलचा_सीएचए
मालक, मागच्या तारखेची बीएल अजिबात घेऊ नका. जहाज कधी सुटलं हे आज कुणीही मोबाईलवर बघतं, सापडलात तर सरळ फसवणुकीची केस, पार्टीही जाते आणि बँकही.
एलसीत गेट-इनची तारीख चालत नाही, बीएलवरची ऑन-बोर्ड, म्हणजे माल जहाजात चढल्याची तारीखच धरतात. म्हणून आजच पार्टीला मेल टाका, त्यांच्या बँकेकडून अमेंडमेंट (एलसीत बदल) करून घ्या. शिपमेंटची तारीख आणि एलसीची मुदत संपायची तारीख (एक्स्पायरी) दोन्ही वाढवून मागा, कारण वेगळं काही लिहिलं नसेल तर शिपमेंटनंतर २१ दिवसांत बँकेत कागद द्यायचे असतात पण तेही एक्स्पायरीच्या आतच. समुद्रात गडबड आहे म्हणून बँक तारीख सोडून देईल असं धरून चालू नका, बँक फक्त कागद बघते. लाईनकडून रोलओव्हरचा (माल पुढच्या जहाजावर ढकलल्याचा) मेल लेखी घ्या, फोनवरचं बोलणं पार्टीला दाखवता येत नाही.

चादर_ते_युरोप
विम्याचं सांगतो. मालाच्या विम्यात इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए म्हणजे सगळ्यात मोठं कव्हर, पण त्यातही उशिरामुळं झालेलं नुकसान धरत नाहीत. युद्धाचा धोका पण वेगळा घ्यावा लागतो, पॉलिसी काढून बघा घेतलाय का.
अजून एक, ह्याच्याकडं लोकांचं लक्षच जात नाही. वळसा घालून गेलं की माल विषुववृत्त दोनदा ओलांडतो, दिवसा पत्रा तापतो रात्री गार पडतो, आतल्या हवेतला ओलावा छताला घामासारखा धरतो आणि थेंब थेंब वरच्या कार्टनवर पडतो. टॉवेल तर पाणी शोषायलाच केलेला, तिकडं उघडला की कुबट वास आणि काळे ठिपके. पुढच्या कंटेनरला भिंतीच्या कड्यांना ओलावा ओढणाऱ्या पट्ट्या लटकवा, वरच्या थरावर क्राफ्ट पेपर अंथरा, पूर्ण वाळल्याशिवाय माल पॅक करू नका आणि पॅलेटचं लाकूड ओलं नको. खर्च फार नाही ओ, क्लेमच्या मानानं काहीच नाही.

टॉवेलवाला_सोलापूर
लई उपकार झाले. बीएलचा विषय सोडला. दर सीआयएफ (विमा आणि जहाजाचं भाडं धरून) दिलाय, लाईननं मधेच सरचार्ज वाढवला तो आमच्याच डोक्यावर बसणार का?

पनवेलचा_सीएचए
सीआयएफ म्हणल्यावर भाडं तुमचंच, त्यामुळं सरचार्ज पण तुमच्याकडंच. पार्टी जुनी असेल तर बोलून बघा, निम्मं उचलतात कधीकधी. पुढच्या ऑर्डरला एफसीए मागा. एफओबीत माल जहाजात चढेपर्यंत जोखीम तुमची, म्हणजे यार्डात पडून राहिला तरी तुमचीच. एफसीएत ठरलेल्या जागी कॅरिअरच्या (वाहतूक कंपनीच्या) ताब्यात दिला की जबाबदारी सुटली. पार्टी सीआयएफवरच अडली तर कोटेशनवर स्वच्छ लिहा की सरचार्ज जहाज सुटण्याच्या दिवशी असेल तो वेगळा.

टॉवेलवाला_सोलापूर
मेल टाकला होता, उत्तर आलं. तारीख वाढवून देतो म्हणतात पण अमेंडमेंटचा खर्च निम्मा निम्मा. चालेल ना?

चादर_ते_युरोप
द्या की मालक, लगेच हो म्हणा. फक्त अमेंडमेंट आपल्या बँकेत आल्याशिवाय तारीख वाढली असं धरू नका, आणि आली की नव्या दोन्ही तारखा स्वतः वाचा.